बाईंचा तास : खुणेचा दगड



सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, की आमच्या ओसरीवर दरवर्षी एक सभा भरते. सभेला अध्यक्ष नसतो, बोलणारे मात्र सगळेच! गेल्या वर्षीच्या सभेला चौघं हजर होते. माझा भाचा, आठवीतला. त्याची धाकटी बहीण, सहावीतली. माझी पुतणी, नववीतली, म्हणजे तिच्या मते मोठीच. आणि शेजारचा मुलगा, सातवीतला. माझा भाऊ, म्हणजे भाच्यांचा मामा, चहा घेत कोपऱ्यात बसला होता.

"मावशी, भाऊबीज झाली की चार दिवस सहल. ठरलं!" असं म्हणत भाच्यानं माझ्यापुढे वहीचं एक पान ठेवलं. त्यावर लिहिलं होतं :

पहिला दिवस – पाचाड. पोहणे.
दुसरा दिवस – रायगड. पोहणे.
तिसरा दिवस – काळ नदी. पोहणे.
चौथा दिवस – वाळणकोंड. पोहणे. परत.

त्याखाली सामानाची यादी. वेफर्सची पाकिटं बारा, बॅट एक, चेंडू दोन, गाणी लावायचा स्पीकर एक. दोराचं नाव नाही, शिट्टीचं नाव नाही, औषधाचं तर नाहीच नाही.

"रायगडावर रे कुठे पोहणार?" मी विचारलं.

"गंगासागर तलाव आहे ना!"

"अरे, महाराजांच्या गडावर पिण्यासाठी साठवलेलं पाणी ते. त्यात तू धपाधप उड्या मारणार?"

भाच्यानं जीभ चावली. एक 'पोहणे' खोडलं गेलं. बाकीच्यांचं काय, ते पाहायला मी पदर खोचून बसले. तुम्हांला सांगते, सहलीचं पान लिहायला पाच मिनिटं लागतात. पण सहल आखायची म्हणजे प्रश्न विचारायचे. आम्ही त्या संध्याकाळी चार प्रश्न विचारले. तेच आज तुमच्यासाठी.

प्रश्न पहिला : कुणाला पोहता येतं?

"मला!" "मला!" "मला!" तीन हात झटकन वर गेले. शेजारच्या मुलानं इकडेतिकडे पाहिलं आणि मग त्याचाही हात वर गेला. जरा उशिरा.

तो उशिरा गेलेला हात पाहिला आणि मला माझाच हात आठवला.

मी तेव्हा सातवीत होते. आजोळच्या विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून हातपाय मारायला शिकले होते. डबा काढून पोहणं काही जमलं नव्हतं. पण शाळेच्या सहलीत नदीकाठी "कुणाला पोहता येतं?" असं विचारलं, तेव्हा वर्गातल्या सगळ्या मुलींनी हात वर केले, म्हणून मीही केला. पाणी कमरेइतकंच तर होतं! मी चार पावलं पुढे गेले आणि पाचव्या पावलाला पायाखाली जमीनच नव्हती.

तुम्हांला वाटत असेल, मी ओरडले असेन. नाही हो! ओरडायला छातीत हवा लागते. माझं तोंड पाण्याच्या वर येत होतं, तेवढ्यात श्वास घ्यायचा की हाक मारायची? माझ्या मैत्रिणी माझ्यापासून पाच-सहा हातांवर एकमेकींवर पाणी उडवत होत्या. त्यांना वाटलं, मी खेळतेय. काठावर एक आजी धुणं धूत होत्या. त्यांना कळलं. त्यांनी धुवायला आणलेलं लुगडं फेकलं, एक टोक स्वतःच्या हाती धरून. त्या पाण्यात उतरल्या नाहीत. मी ते लुगडं धरलं, आणि म्हणून आज हे लिहितेय.

ही गोष्ट मी घरी कित्येक वर्षं सांगितली नव्हती. आईनं पुन्हा सहलीला पाठवलं नसतं, म्हणून नव्हे. 'येतं' असं खोटं सांगितलं होतं, त्याची लाज वाटायची म्हणून.

तेव्हा आमच्या ओसरीवर मी काय केलं? सगळ्यांना एकेक चिठ्ठी दिली. "खरं खरं लिहा. घडी करा. मी एकटीच वाचणार." चिठ्ठ्या आल्या. पुतणीनं लिहिलं होतं, 'तलावात येतं. नदीत कधी पोहले नाही.' शाब्बास! हे अगदी नेमकं उत्तर. कारण तलावाचं पाणी जागेवर असतं आणि नदीचं पाणी चालत असतं. तलावात थकलात तर काठ जिथल्या तिथे असतो. नदीत तुम्ही थकेपर्यंत काठ मागे पडलेला असतो. भाच्यानं लिहिलं होतं, 'विहिरीत येतं. उडीपण मारतो.' त्याच्या बहिणीची चिठ्ठी होती, 'थोडं थोडं.' आणि चौथी चिठ्ठी अशी होती :

'येत नाही. पण कुणाला सांगू नका.'

मी चिठ्ठ्या फाडून टाकल्या आणि कुणाला सांगितलं नाही. फक्त एवढंच जाहीर केलं, की नदीत कुणीही, अगदी मामासुद्धा, कमरेच्या वर पाण्यात जाणार नाही. काठावर एक जण दोर घेऊन कायम उभा राहील. त्या जागेला आम्ही नाव दिलं 'दोरवाला'.

प्रश्न दुसरा : नदीत पाणी येतं कुठून?

"पावसातून!" धाकटी म्हणाली. बरोबर. पण कुठल्या पावसातून? आपल्या डोक्यावरच्या? की दुसऱ्याच कुणाच्या?

तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात सह्याद्रीचा नकाशा आहे, तो काढा बरं. पूर्वेकडे डोंगर हळूहळू उतरतो. पश्चिमेकडे मात्र भिंतीसारखा सरळ खाली येतो. त्या भिंतीच्या पायथ्याशी महाड, माणगाव, रोहा हे तालुके. पुढे थोड्याच अंतरावर समुद्र. म्हणून कोकणातल्या नद्या लांबीला कमी आणि वेगाला जास्त. घाटमाथ्यावर सर कोसळली, की तिचं पाणी बघता बघता पायथ्याला येतं. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असेल, ढगाचा पत्ता नसेल, आणि तरी नदी चढेल!

पावसाळ्यात तर या नद्यांचं रूप पाहवत नाही. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून बाणकोटला समुद्राला मिळते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा तिच्यावरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहनं अंधारात खाली गेली. कित्येक माणसं परत आली नाहीत. जी नदी दगडी पूल नेते, तिच्यापुढे आपली पोहण्याची शेखी ती काय? म्हणून नदीत उतरायची सहल पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. पाऊस परतल्यावर, पाणी निवळल्यावर.

"मग काळ नदी सोडून कोलाडला जाऊ या का?" भाच्यानं विचारलं. "तिथल्या कुंडलिकेला उन्हाळ्यातसुद्धा भरपूर पाणी असतं म्हणे."

असतं ना! पण का असतं, ते मामानं सांगितलं. पुणे जिल्ह्यात मुळशीला मुळा नदीवर टाटांचं धरण आहे. मुळेचं पाणी खरं तर पूर्वेला जायचं, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पण धरणातलं पाणी पश्चिमेकडे वळवून सह्याद्रीच्या पायथ्याशी, सुमारे पाचशे मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. तिथे १९२७ सालापासून वीज तयार होते आणि वापरून झालेलं पाणी कुंडलिकेत येतं. म्हणजे एका नदीचं पाणी दुसऱ्या नदीला आणि दुसऱ्याच समुद्राला! कोलाडच्या रबरी होड्या चालतात त्या याच पाण्यावर.

"मस्तच की!" पोरं म्हणाली.

"मस्त आहेच," मामा म्हणाला, "पण वीजघर सुरू झालं की नदी चढते आणि बंद झालं की उतरते. होडीवाल्यांना ती वेळ ठाऊक असते. तुला आहे का?"

सगळे गप्प. तर मित्रांनो, ज्या नदीवर वरच्या अंगाला धरण किंवा वीजघर आहे, तिच्यात गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आभाळ कितीही निळं असलं, तरी!

आता पाणी चढतंय हे ओळखायचं कसं? युक्ती सोपी आहे. नदीवर गेलात की अगदी पाण्याच्या कडेला, पाणी जेमतेम टेकेल असा एक दगड ठेवा. हा आपला खुणेचा दगड. दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे पाहा. दगड पाण्यात गेला, तर पाणी चढतंय. आणखी तीन खुणा लक्षात ठेवा. स्वच्छ पाणी एकदम गढूळ व्हायला लागलं, काटक्या आणि पालापाचोळा वाहून यायला लागला, किंवा नदीचा आवाज बदलला, तर एक क्षण थांबायचं नाही. कपडे राहिले तर राहू द्या. बाहेर!

प्रश्न तिसरा : नदीत आणखी कोण राहतं?

हा प्रश्न ऐकून पोरं हसली. "मासे राहतात, मावशी!"

मासे तर राहतातच. पण महाडजवळच्या सावित्री नदीत मगरीही राहतात, आणि काळ नदी त्याच सावित्रीला जाऊन मिळते. हे सांगितल्यावर हसू थांबलं. घाबरायचं कारण नाही. मगर काही मुद्दाम आपल्याला शोधत येत नाही. ते तिचं घर आहे, आपण पाहुणे. पाहुण्यानं दारात विचारून आत जावं, एवढंच. कुठल्या पट्ट्यात मगर दिसते आणि कुठे नाही, हे गुरं धुणाऱ्या, मासे धरणाऱ्या माणसांना पक्कं माहीत असतं. त्यांनी 'इथं नको' म्हटलं, की 'का' हे बाहेर उभं राहून विचारावं.

आणि वाळणकोंड? कोकणात नदीतल्या खोल डोहाला कोंड म्हणतात. काळ नदीतल्या या कोंडातले मासे गावकरी देवाचे मानतात. ते कुणी पकडत नाही, उलट माणसं त्यांना खाऊ घालतात. माशांना अशी राखीव जागा मिळाली, की त्यांची वीण टिकते. शहाणपणच आहे हे. तिथे काठावर बसून माशांची मजा बघायची. डोह खोल आहे आणि माशांचा आहे. पानावरचं आणखी एक 'पोहणे' आम्ही खोडलं.

राहता राहिला तिसरा दिवस. मामाच्या ओळखीचे एक शेतकरी काका काळ नदीकाठच्या एका वाडीत राहतात. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "या की! वरचा डोह सोडा, त्यात आम्हीपण उतरत नाय. वाडीच्या खाली उतार हाय, गुडघाभर पाणी, तळाला बारीक गोटे. पोरांना तिथं डुंबू दे. मी येतो संगती."

बघा, पुस्तकात किंवा मोबाइलच्या नकाशात ही माहिती सापडली असती का?

प्रश्न चौथा : 'बाहेर' कोण म्हणणार?

"मामा म्हणेल." "मावशी म्हणेल."

मी म्हटलं, "नाही. आपल्यापैकी कुणीही म्हणेल. अगदी सहावीतली धाकटीसुद्धा. आणि कुणीही 'बाहेर' म्हटलं, की सगळ्यांनी बाहेर यायचं. आधी बाहेर यायचं, मग वाद घालायचा. आणि म्हणणारा चुकला असेल, तरी त्याला कुणी हसायचं नाही."

भाच्याला हा नियम मुळीच आवडला नाही. "अशानं कुणीही उगाच ओरडेल!" मी म्हटलं, "ओरडू दे. उगाच बाहेर आल्यानं काय जातं? पुन्हा आत जाता येतं." नियम वहीत लिहिला. खाली सगळ्यांच्या सह्या. मामाचीसुद्धा.

चार प्रश्न झाले. मग आमची खरी तयारी सुरू झाली.

चालण्याचं गणित आधी केलं. मुलांबरोबर चालताना माझा हिशोब असा असतो : सपाट वाटेवर तासाला तीन किलोमीटर, आणि दर तीनशे मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे सहा किलोमीटरची वाट आणि त्यात तीनशे मीटर चढ असेल, तर दोन अधिक एक, तीन तास. त्यात बसण्या-उठण्याचा अर्धा तास मिळवायचा. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून चारच्या आत मुक्कामाला पोचायचं, असं ठरवून उलटं मोजत यायचं. मग कळतं, सकाळी किती वाजता निघायला हवं!

या हिशोबानं नवं पान तयार झालं. पहिला दिवस महाडला एस.टी.नं आणि तिथून पाचाडला. पाचाडला जिजाऊंचा वाडा आणि त्यांची समाधी आहे. महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला आणि पुढच्या बाराच दिवसांत जिजाऊ गेल्या. ते सगळं शांतपणे पाहायचं. दुसरा दिवस रायगड. चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत. १९९६ सालापासून रोप-वे आहे, पण आमच्या मंडळींना पायांनीच जायचं होतं. पहाटे चढायचं, ऊन कलायच्या आत उतरायचं. तिसरा दिवस वाडीपर्यंत चालत आणि नदी. चौथा दिवस वाळणकोंड पाहून परत.

मग सॅक भरल्या. आणि मी सगळ्यांना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात घेऊन गेले. दुकानदारांच्या वजनकाट्यावर एकेक सॅक ठेवली. नियम असा, की आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकंच ओझं घ्यावं. भाचा चाळीस किलोचा. म्हणजे चार किलो. सॅक भरली नऊ किलो! बॅट निघाली, स्पीकर निघाला, वेफर्सची पाकिटंही निघाली. पाण्याची बाटली मात्र राहिली. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, हे विसरू नका. वेफर्सच्या जागी दिवाळीचा चिवडा, दशम्या, लसणाची चटणी, गूळ-शेंगदाणे. एक कपड्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत. टॉवेल, टोपी, विजेरी, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. पाण्यात घालायला पट्ट्याच्या जुन्या चपला, कारण गोटे निसरडे असतात आणि काचा दिसत नाहीत.

औषधांच्या डब्यात पट्टी, कापूस, मलम, तापाची गोळी. शिवाय मीठ आणि साखर. उलट्या-जुलाब झाले, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हे प्रमाण पाठ करून ठेवा. साप चावलाच, तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चोखायचं तर मुळीच नाही. हलू न देता सरळ दवाखान्यात. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा नंबर.

पण दरीत मोबाइलला रेंज असेलच असं नाही. म्हणून आमच्या सहलीचं पान दोनदा लिहिलं. एक आमच्याजवळ, एक घरी भिंतीवर. कुठला दिवस, कुठली वाट, कुणाकडे मुक्काम, आणि चौथ्या दिवशी रात्री आठपर्यंत आलो नाही तर कुणाला फोन करायचा, हे सगळं त्यावर.

शेवटची तयारी अंगणात झाली. पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन घेतला, झाकण घट्ट लावलं आणि त्याच्या मुठीला पंधरा मीटर दोर बांधला. बंद कॅन पाण्यावर तरंगतो आणि दमलेल्या माणसाला तो धरता येतो. अंगणाच्या त्या टोकाला घमेलं ठेवलं. घमेल्याच्या पलीकडे कॅन फेकायचा आणि ओढून घ्यायचा. भाच्याचा कॅन पेरूच्या झाडावर. पुतणीचा कॅन मामाच्या पाठीत! शेजारच्या मुलानं मात्र पाचपैकी चार वेळा बरोबर फेकला. तो शाळेच्या क्रिकेट संघात सीमारेषेवरून चेंडू फेकतो ना! "तूच आमचा दोरवाला," सगळे म्हणाले. तो लाजला, पण खूश झाला.

कुणी बुडताना दिसलं तर काय, हेही तिथेच शिकलो. आधी मोठ्यानं हाक मारायची. मग काठी पुढे करायची. काठी पुरत नसेल तर दोर, कॅन, साडी, जे असेल ते फेकायचं. आपण मात्र उडी मारायची नाही. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि मग दोघंही जातात. आणि आपणच ओढीत सापडलो तर? पाठीवर व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढे ठेवायचे, प्रवाहाशी न भांडता तिरकं तिरकं काठाकडे सरकायचं.

तर, भाऊबीज झाली आणि आम्ही निघालो. पाचाड पाहिलं, गड चढलो. हिरकणी बुरुजावरून खाली पाहताना धाकटी माझा हात घट्ट धरून उभी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी वाडीत पोचलो. काकूंच्या हातची तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी खाल्ली. अर्धा-पाऊण तास सावलीत पडलो आणि काकांबरोबर उतारावर गेलो. पाणी काचेसारखं. तळाचे गोटे मोजून घ्यावेत असं.

मामा पाण्यात, खालच्या अंगाला. मी आणि काका काठावर. भाऊ-बहीण एक जोडी. पुतणीची जोडी माझ्याबरोबर, म्हणून ती काठाजवळच. दर दहा मिनिटांनी शिट्टी. शिट्टी झाली की जोडीनं हात वर धरून उभं राहायचं. आणि दोरवाला खुणेच्या दगडापाशी, कॅन हातात घेऊन.

तिसरी शिट्टी झाली असेल. पोरं रंगात आली होती. तेवढ्यात दोरवाला ओरडला, "बाहेर!"

भाच्यानं मान वळवली. "काय झालं?"

"दगड बुडालाय. बाहेर या!"

"किती बुडालाय?"

"दोन बोटं!"

"दोनच बोटं तर!"

पण पुतणी निघाली होती, मामा निघाला होता. धाकटीनं भावाचा हात धरून ओढला. "सही केलीय तू!" म्हणाली. तो कुरकुरत बाहेर आला. आम्ही सगळे वरच्या खडकावर टॉवेल गुंडाळून बसलो आणि दगडाकडे बघत राहिलो. पाणी आणखी चार बोटं चढलं. थोडा वेळ काटक्या वाहत आल्या. मग कितीतरी वेळ ते तिथेच होतं, आणि ऊन उतरायला लागलं तसं पुन्हा खाली गेलं.

"वर घाटात सर पडली असंल, न्हायतर कुणी बांध सोडला असंल," काका म्हणाले. नक्की काय, ते काही कळलं नाही. गुडघाभर पाण्याचं मांडीभर झालं, एवढंच. कदाचित काहीच झालं नसतं. भाचा संध्याकाळपर्यंत तेच म्हणत होता, "काहीच झालं नसतं." काकांनी मात्र दोरवाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पोरा, नदीकाठी राहायला लायक हायस बघ तू."

त्या दिवशी अर्ध्या तासाचं डुंबणं बुडालं. चौथ्या दिवशी वाळणकोंडाच्या माशांना खाऊ घातलं आणि रात्री साडेसातला सगळे घरी होतो. भिंतीवरचं पान धाकटीनं स्वतःच्या हातानं काढलं.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. मूल 'मला पोहता येत नाही' असं म्हणालं, तर कृपा करून चारचौघांत हसू नका. "एवढा घोडा झालास तरी?" असं म्हणू नका. ते वाक्य उच्चारायला केवढं धैर्य लागतं, हे मी अनुभवानं सांगते. मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाला दुसरं कुठलंही काम नसावं. स्वयंपाक नको, गप्पा नकोत, मोबाइल नको. त्यानं फक्त बघायचं. बुडणारं मूल ओरडत नाही, म्हणून कानांवर भरवसा ठेवता येत नाही. डोळेच हवेत.

आणि तुमच्यासाठी या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या गावाजवळच्या एखाद्या नदीचं किंवा ओढ्याचं नाव लिहा आणि हे चार प्रश्न तिच्याबद्दल विचारा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडून घ्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्वतःला द्या. खरं खरं.

हो, एक राहिलंच! सहलीहून आल्यावर दोन दिवसांनी माझ्या दाराच्या फटीत एक चिठ्ठी सापडली. अक्षर ओळखीचं होतं.

'बाई, मला पोहायला शिकायचंय. आता कुणाला सांगितलंत तरी चालेल.'

म्हणून सांगितलं.

तुमची,
बाई